मासु, वार आणि लेबर रूमच्या दारातला दुभाषी

जांबोटी_रोड

आधी घडलेलं सांगते, मग भांडू.

आमच्या वहिनीचं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, दुसरं इथं सासरी, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. पावसाचे दिवस. रात्री कळा सुरू झाल्या म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. (कुठला ते विचारू नका. तिथल्याच माणसांनी तिला वाचवलं.) पहाटे मुलगी झाली, रडली, आम्ही बाहेर हुश्श केलं. अर्ध्या तासानं सिस्टर बाहेर आली. दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडची पोर, बदलून येऊन महिना झालेला. दादाला म्हणाली, "मासु बिद्दिल्ला."

आमच्या दादाचं कन्नड म्हणजे बाजारचं कन्नड, वांग्या-टोमॅटोच्या भावापुरतं. त्यानं 'मास' ऐकलं आणि अर्थ लावला की महिने भरले नाहीत म्हणते. झालं! गरोदरपणाच्या नोंदींचं तायी कार्ड काढून तो तिला तारखा दाखवायला लागला. ती पुन्हा "मासु, मासु". हा बोटांवर नऊ मोजतोय. ती म्हणते बेळगावला हलवायला पाहिजे, हा म्हणतो पोरगी खणखणीत रडली, वजन चांगलं आहे, कशाला हलवायचं? आवाज चढले. शेवटी फरशी पुसणारी आया ओरडली, "अवो, वार अडकलीया आत! रक्त चाललंय, आधी सही करा!"

कन्नडमध्ये मासु म्हणजे वार, बाळाच्या मागून पडते ती. आणि कन्नडमध्ये 'वार' म्हणजे आठवडा. म्हणजे दादानं शुद्ध मराठीत "वार पडली का?" असं विचारलं असतं तर सिस्टरनं त्याला आठवडे मोजून दाखवले असते. दोन शेजारी भाषा इतक्या नेमक्या जागी एकमेकींना पाय घालतील असं वाटलं नव्हतं. ते तायी कार्ड सोबत असूनही त्याचा अर्थ 'ताईचं कार्ड' नव्हे, 'आईचं कार्ड', हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं.

त्या वादात वीसेक मिनिटं गेली. वहिनी बचावली. बेळगावात दोन बाटल्या रक्त चढवलं.

तर माझं म्हणणं असं. जिथं चोवीस तास बाळंतपणं होतात आणि मराठी बायका मोठ्या संख्येनं येतात, अशा प्रत्येक ठिकाणी पाळीगणिक एक शिकवून तयार केलेली दुभाषी बाई असावी. पगारी, आणि नात्यातली नको. कारण नात्यातला माणूस शब्दांचा अर्थ सांगत नाही, घराचा विचार सांगतो. डॉक्टरबाईंनी "आधी कधी पोट पडलं होतं का" असं सासूच्या तोंडून विचारलं, तर सून काय उत्तर देईल?

बोला.

निपाणी_नाका

अक्का, वहिनी सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. पण राग मानू नका, दुभाषी हा उपाय मला पटत नाही.

1956 साली आपण म्हैसूर राज्यात गेलो. बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण त्याला आता सत्तर वर्षं होत आली. माझा आजा तंबाखूच्या वखारीत होता, तीन भाषांत शिव्या द्यायचा. बापानं कन्नडात सातबारा वाचला, म्हणजे इथं ज्याला पहाणी म्हणतात ती. मी कन्नडात अर्ज लिहितो आणि घरी मराठी बोलतो. मराठी कुठं पळून गेली? बाजारात रोज बेकु-बेडा (हवं-नको) करणाऱ्या माणसाला दवाखान्यात एकाएकी दुभाषी कशाला लागतो? त्यापेक्षा प्रत्येक गरोदर बाईला तिसऱ्या महिन्यापासून पन्नास कन्नड शब्द शिकवा. अंगणवाडीत जातेच की ती जेवायला.

जांबोटी_रोड

निपाणीकर, वहिनी चंदगडची आहे. लग्न होईपर्यंत तिनं कन्नड पाटीसुद्धा पाहिली नव्हती. आपल्या निम्म्या सुना चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याच्या. आपल्या पोरी तिकडं, तिकडच्या इकडं. तुमचा आजा तीन भाषा शिकला कारण तो वखारीत जात होता. ही बाई शेतात आणि चुलीपुढं आहे, तिला कन्नड कोण शिकवणार? म्हशी?

आणि कळा येत असताना पन्नास शब्द आठवतात असं म्हणणारा माणूस पुरुषच असतो, हे आपलं जाता जाता.

एक_नोव्हेंबर

दोघांचंही चुकतंय.

दुभाषी कुणाला देतात? परक्याला. जपानी माणूस मुंबईत आजारी पडला तर त्याला दुभाषी द्या. खानापूर, बेळगाव, निपाणीत मराठी बाई परकी आहे का? दुभाषी मागणं म्हणजे 'आम्ही इथं पाहुणे आहोत' असं लिहून देणं.

कागद काय सांगतो ते बघा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं जे संरक्षण ठरवलंय, त्यात एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्क्यांच्या वर असतील तर सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही द्यायचे आहेत. 2011 च्या जनगणनेत आख्ख्या बेळगाव जिल्ह्यात मराठी 18 टक्क्यांच्या वर आहे. खानापुरात तर बहुसंख्यच आहे. मग तायी कार्ड मराठीत का नाही? संमतीचा कागद मराठीत का नाही? मराठी येणाऱ्या सिस्टरची नेमणूक का नाही? मागायचं तर ते मागा. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो निकाली निघेपर्यंत तरी हा हक्क आपलाच आहे.

आया होती म्हणून वहिनी वाचली म्हणता ना? ती आया मराठी होती. माझा मुद्दा तिथंच सिद्ध झाला.

रात्रपाळी

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. घरची भाषा कन्नड, गाव चिकोडीकडचं, मराठी शेजाऱ्यांकडून शिकले. लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या.

आधी त्या मंड्याच्या पोरीची बाजू. ती बरोबर बोलत होती, वेळेत बाहेर आली होती, मोठ्या दवाखान्यात पाठवायचा निर्णय बरोबर होता. वार अर्ध्या तासात पडली नाही तर धोका धरायचा, हेच आम्हाला शिकवतात. तिला भाषा येत नव्हती हा तिचा गुन्हा नाही. बदली ती मागून आली नव्हती.

आता दुभाष्याबद्दल. रात्री तीन वाजता चार बायका कळा देत असतात आणि दोघी सिस्टर असतात. एक टेबलापाशी, एक बाळापाशी. त्यात तुम्ही तिसरं माणूस उभं करणार आणि त्याला फक्त बोलायचा पगार देणार? मला तिसरं माणूस मिळालं तर मी त्याला बीपी बघायला लावीन. मला रक्ताची बाटली हवी आहे, भूल देणारा डॉक्टर हवा आहे, पाऊस असला तरी येणारी गाडी हवी आहे. त्यानंतर दुभाषी.

आणि एक कडू गोष्ट. 2018-20 च्या सरकारी आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागं कर्नाटकात 69 माता दगावतात, महाराष्ट्रात 33. भारताचा आकडा 97. हे वाचून एक_नोव्हेंबर लगेच म्हणतील, बघा! पण बळ्ळारीत 2024 च्या नोव्हेंबरात सिझर झालेल्या बाळंतिणी लागोपाठ दगावल्या आणि सलाइनच्या बाटल्यांवर संशय गेला. त्या बायका कन्नड, सिस्टर कन्नड, डॉक्टर कन्नड. एक शब्दही अडला नव्हता. मग?

एक_नोव्हेंबर

69 आणि 33! मी काही बोललोच नाही, तुम्हीच सांगितलंत.

रात्रपाळी

दादा, त्या 33 मध्ये जत आणि अक्कलकोटही आहे. तिथल्या कन्नड बाईला कसं वाटतं ते विचारा एकदा.

आता_लेस्टरकर

मूळची शहापूर-बेळगावची, आता इंग्लंडात. इथं दुभाषी हा नियमाचा भाग आहे, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगते.

माझ्या चुलतबहिणीची सासू तिच्यासोबत तपासणीला गेली तर दाईनं (इथं मिडवाइफच सगळं बघते) सासूबाईंना नम्रपणे बाहेर बसवलं आणि फोनवर दुभाषी जोडून घेतला. मग एकटीला विचारलं, घरी कुणी मारतं का? आपल्याकडं हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. तो विचारता आला, कारण बोलणारा आवाज घरातला नव्हता. जांबोटीताईंचा मुद्दा मला इथं पूर्ण पटतो.

आता दुसरी बाजू. पहिल्या खेपेला आम्ही मराठी मागितली, तर गुजराती आली. लेस्टर आहे बाबा. दुसऱ्या खेपेला हिंदी आली. ती दुभाषी 'कळा' या शब्दावर अडकली. तिला वाटलं कला. बहीण म्हणते, "कळा येतायत", तिकडून इंग्रजीत गेलं की हिला काही कला येतात. आम्ही हसलो, कारण तेव्हा फक्त सातवा महिना होता आणि नुसती चौकशी चालली होती.

शिकलेला दुभाषी म्हणजे बिनचूक, असंही नाही. अमेरिकेत 2003 साली एक अभ्यास छापून आला होता. मुलांच्या दवाखान्यात स्पॅनिश बोलणाऱ्या मातांच्या 13 भेटी ध्वनिमुद्रित केल्या. एका भेटीत सरासरी 31 चुका निघाल्या. ज्यांच्यामुळे उपचार बिघडू शकला असता अशा चुका दवाखान्याच्या दुभाष्यांच्या 53 टक्के, तर ऐनवेळी पकडलेल्या नातलग-बिनातलगांच्या 77 टक्के. फरक आहे, पण 53 हाही काही लहान आकडा नाही.

निपाणी_नाका

कला येतात! सोमवारी सकाळी ऑफिसात हसवलंत.

पण हाच माझा मुद्दा आहे. दुभाषी म्हणजे मधे आणखी एक कान आणि आणखी एक तोंड. जितके हात बदलतात तितकं दूध सांडतं.

आशा_वाडी

मी आशा हाय. खानापूरच्या जंगलाकडची गावं माझ्याकडं. हितं सगळी शिकलेली माणसं लिहूलाल्यात, म्हणून दोन दिवस नुसतं वाचलं. आज लिहिते.

तुम्ही ज्याला दुभाषी म्हणूलाला, ते काम मी करते. बारा वर्षं झाली. त्याचा पैसा कुठल्या कागदावर नाही. बाईला गाडीत घालून नेलं की त्याचा इन्सेंटिव्ह हाय, तपासण्या पुऱ्या केल्या की हाय. पण रात्रभर दारात उभं राहून हिचं तिला नि तिचं हिला सांगितलं, त्याचा नाही.

आता शब्दांचं सांगते. आमच्या बायका रक्ताला रक्त म्हणत नाहीत. "अंगावरून जातंय" म्हणतात. पांढरं गेलं तरी अंगावरून, लाल गेलं तरी अंगावरून. एकदा एका पोरानं, बाईच्या दिरानं, हे डॉक्टरला कन्नडात सांगितलं "मै म्याले होगाकत्तैती". मै म्हणजे अंग, म्याले म्हणजे वर. शब्दाला शब्द बरोबर! डॉक्टरला वाटलं अंगावर काहीतरी उठलंय, पुरळबिरळ. मी मागून म्हटलं, "रक्त, सार, रक्त." सात महिन्यांची बाई होती.

दुसरं, महिने. आमच्याकडं "सातवा लागला" आणि "सातवा सरला" यात महिन्याचा फरक हाय. कन्नडात नुसतं "एळु" सांगितलं की तो फरक गेला. मग तारीख चुकते, आणि एकीला वेळेआधी कळा आल्या काय नि भरून आल्या काय, कोणाला कळत नाही. मी मात्र सणावरनं विचारते. पाळी चुकली तेव्हा गणपती आले होते की गेले होते? मग कार्डावर तारीख बरोबर पडते. हे फोनवरच्या माणसाला जमंल?

तिसरं, सासू. ताईंनी बरोबर लिहिलंय. एका सुनेचं डोकं दोन दिवस ठणकत होतं, डोळ्यापुढं काजवे, तोंड सुजलेलं. सासूनं सिस्टरला सांगितलं, "काय नाही, झोप नाही झाली." खोटं बोलली असं नाही. तिला तसंच वाटत होतं, तिच्या वेळी तिचं पण तोंड सुजलं होतं. मी गेले तेव्हा बीपी वर गेलेलं. झटके आले नाहीत, देवाची कृपा. म्हणून नात्यातलं माणूस नको हे मला मान्य.

पण तुमची ती वेगळी पगारी दुभाषी बाई मला नको. का सांगते. ती बाई बेळगावातनं येणार, बीए झालेली. आमच्या बाया तिच्यापुढं "अंगावरून" पण म्हणणार नाहीत, गप बसतील. माझ्याशी बोलतात कारण मी त्यांच्या चुलीपाशी बसलेली असते. आम्हालाच दोन महिने शिकवा, शब्द घोटून घ्या, रात्रीचा वेगळा पैसा द्या, नि एक बिल्ला द्या. बिल्ला म्हणजे काय ते सिस्टर लोकांना कळंल. आज मला "हॊरगे निल्लु" म्हणतात. बाहेर उभी रहा.

रात्रपाळी

आशाताई, ते 'हॊरगे निल्लु' मीही म्हटलंय कधीकधी. आत गर्दी नको असते. पण वाचून लाज वाटली.

एक_नोव्हेंबर

आशाताईंना नमस्कार. पण ताई, तुम्हाला बिल्ला देऊन सरकार आपली जबाबदारी तुमच्या पदरात टाकून मोकळं होईल, हे लक्षात घ्या. आज आरोग्य खात्यातली अर्धी कामं आशांच्या पदरात अशीच पडली आहेत. मराठी येणारी सिस्टर नेमणं सरकारला महाग पडतं, आशेच्या घशावर काम भागवणं स्वस्त. मी याच्याच विरोधात बोलतोय.

आशा_वाडी

दादा, सरकार मराठी सिस्टर नेमंल तवा नेमंल. माझ्याकडं आत्ता पाच बायका दिवसात हाईत.

जत_पूर्वभाग

रात्रपाळी यांनी जतचं नाव काढलं म्हणून आलो. मी सांगली जिल्ह्यातला, जत तालुक्याच्या पूर्वेकडचा. घरी कन्नड, शाळा मराठी. माझी आई बाळंतपणासाठी मराठी दवाखान्यात गेली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. 1990 च्या आसपासची गोष्ट. तिला नर्स म्हणाली, "जोर दे." आई कन्नड बाई, तिला 'दे' एवढंच कळलं. काय द्यायचं? तिनं हातातली बांगडी काढून दिली. आई हे आजही हसत सांगते, पण त्या वेळी ती घाबरली होती. तिला वाटलं, पैसे मागतायत.

इथल्या मराठी बांधवांना एकच विचारतो. बेळगावात जे मागता ते जतच्या कन्नड बाईला द्यायला तयार आहात का? कन्नड येणारी नर्स, कन्नड कार्ड, सगळं? हो म्हणाल तर मी तुमच्यासोबत आहे. नाही म्हणाल तर मग हा बाळंतिणीचा प्रश्न नाही, सीमावादाचा 1 नोव्हेंबरचा मोर्चा आहे.

एक_नोव्हेंबर

हो. तयार आहे. मराठी माणसानं कधी कन्नड बाईला अडवलं नाही. पण जत आणि बेळगाव यांची तुलना होत नाही. इथं आमच्या दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. महाराष्ट्रात तुमच्या कन्नड शाळा सरकार चालवतं.

जत_पूर्वभाग

महाराष्ट्रातही पाट्या मराठीत ठळक हव्यात असा कायदा आहेच की. जाऊ दे. आईच्या बांगडीवर तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते मात्र नोंदवून ठेवतो.

कुंदा_खाऊन_आलो

धागा बाळंतपणाचा आहे ना? की सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल इथंच पुन्हा लिहायचाय?

जांबोटी_रोड

कुंदावाले, धन्यवाद. जतकर, तुमच्या आईंची गोष्ट मी दादाला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता.

आता माझं थोडं बदललेलं मत. आशाताईंचं पटलं: बाहेरून आणलेली बीए बाई नको, गावातलीच शिकवून घ्यावी. पण दोन गोष्टींत मी मागं हटणार नाही.

एक, संमतीचा कागद. सही घेताना बाईला जे सांगतात ते तिला कळणाऱ्या भाषेत सांगितलं पाहिजे आणि ते नात्याबाहेरच्या माणसानं सांगितलं पाहिजे. हे माझ्या मनाचं नाही. 2016 च्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नसबंदीच्या बाबतीत हेच सांगितलं, की बाईला कळेल त्या भाषेत सगळं समजावून द्या. न्यायालयानं 'राज्यभाषेत' म्हटलेलं नाही, 'तिला कळेल त्या भाषेत' म्हटलंय. मग जे ऑपरेशनला लागू ते बाळंतपणानंतर लगेच बसवतात त्या तांबीला का नको? आमच्या गल्लीतल्या एकीला ती बसवलेली दीड वर्षानं कळली. तिनं अंगठा कशावर दिला होता ते तिला माहीत नव्हतं.

दोन, सोबतीण म्हणजे दुभाषी नव्हे. केंद्रानं 2016 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूतीवेळी सोबतीला बाई ठेवायची मुभा दिलीय. चांगलं आहे. तिनं पाठ चोळावी, पाणी द्यावं, हात धरावा. तिच्याच गळ्यात भाषांतर मारलं की ती हात सोडून दारात उभी राहते. वहिनीजवळ आमची आई होती. सिस्टर काही बोलली की आई धावत बाहेर यायची, दादाला विचारायची, पुन्हा आत जायची. तेवढा वेळ वहिनी एकटी.

निपाणी_नाका

तांबीचा मुद्दा वजनदार आहे, तिथं मी गप्प. दुधाचं उदाहरण देणारा माणूस दुधासाठीच बोलत होता असं समजा.

पण एक शंका राहतेच. नेमकी भाषा कुठली? आमच्या निपाणी, चिकोडी, अथणीकडं हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडची वंजारी बाई मराठी बोलते, ठीक. विजापूरकडची लमाणी बाई घरात गोरमाटी बोलते. विटभट्टीवर आणखी कुठून कुठून येतात. मुसलमान मोहल्ल्यात दखनी उर्दू. तुम्ही मराठीचा दुभाषी बसवला की उद्या चार बसवावे लागतील. पैसे कुठून आणणार? फोनवर दुभाषी बरा, ऑस्ट्रेलियात 1973 पासून तसली सरकारी सेवा आहे म्हणतात, एका नंबरवर कितीतरी भाषा. पण मग आशाताईंच्या जंगलात रेंज आहे का?

आशा_वाडी

रेंज? पावसात आमगावकडं माणूस जात नाही, रेंज कुठली जाते.

रात्रपाळी

कालपासून विचार करते आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते, तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी आहे, तोंडातून द्यायची. ती खेड्यात, डॉक्टर नसताना, एएनएमच्या (गावात काम करणाऱ्या नर्सच्या) हातून देऊन चालते का, याची मोठी चाचणी बेळगाव जिल्ह्याच्या गावांमध्ये झाली. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचा त्यात हात होता. 1620 बायका होत्या. 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. गोळी न मिळालेल्यांत 12 टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांत 6.4 टक्के. जवळजवळ निम्मा. जगभर त्या अभ्यासाचं नाव घेतात, आणि तो आपल्या मातीतला आहे.

माझं पहिलं म्हणणं होतं की गोळी वाचवते, दुभाषी नाही. पण त्या गोळीचा एक त्रास आहे. घेतल्यावर बाईला थंडी वाजून हुडहुडी भरते, कधी अंग तापतं. हे आधी सांगितलं नाही तर घरची माणसं घाबरतात, बाहेरचं काही लागलं म्हणतात, अंगारा लावतात, बाईला उचलून न्यायला बघतात. मी स्वतः बघितलंय. म्हणजे गोळीच्या आधी चार वाक्यं जावी लागतात, आणि ती तिच्या भाषेत जावी लागतात. त्या चाचणीतल्या एएनएमनीही ती सांगितलीच असणार. तेव्हा मी माझं पहिलं वाक्य अर्धं मागं घेते. अर्धंच. रक्ताची बाटली मला अजूनही आधी हवी.

आणि मी एक करणार आहे. आमच्या लेबर रूमच्या भिंतीवर शब्द लिहून लावते, कन्नड लिपीत, म्हणजे मंड्याच्या आणि म्हैसूरच्या पोरींना वाचता येतील. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आतापर्यंतचे हे:

कळा – नोवु
पाणमोट फुटली – नीरु होयितु
वार – मासु
आठवडा – वार (हे लाल शाईत)
बाळ हलत नाही – कूसु अलगाडता इल्ला
जोर लाव – मुक्कु
आता नको – ईग बेडा

चुकलं असेल तर सांगा.

आशा_वाडी

सिस्टर, 'वार'च्या खाली 'जार' पण लिहा. आमच्याकडं म्हाताऱ्या जार म्हणतात. म्हशीची पण जार नि बाईची पण जार.

आणि "अंगावरून जातंय" सगळ्यात वर लिहा. पयलं तेच.

एक_नोव्हेंबर

यादी चांगली आहे. पण लिपी कन्नड. मराठी बाईला भिंतीवर स्वतःचा शब्दसुद्धा वाचता येणार नाही. मी फक्त नोंदवतो.

रात्रपाळी

दादा, त्या वेळी ती भिंत वाचत नसते. वाचणारी मी असते.

जांबोटी_रोड

सिस्टर, 'अंगावरून जातंय'ला कन्नडात नेमकं काय लिहाल? आशाताईंच्या त्या दिरासारखं नको व्हायला. दादालाही पाठ करून घेते. तो आता रोज एक कन्नड वाक्य शिकतोय, निपाणीकरांना आनंद होईल.

निपाणी_नाका

झाला!

रात्रपाळी

आमच्या बाजूला "रक्त होगाकत्तैती" म्हणा. कुणालाही कळेल, अथणीपासून धारवाडपर्यंत.

पण समोर मंड्याची सिस्टर असेल तर "रक्त होग्ताइदे" म्हणा. पहिल्या महिन्यात तिला आमचं ते 'होगाकत्तैती' कळत नव्हतं. ती मलाच विचारायला यायची.